चांगला मित्र कोण? संत डॉन बॉस्को यांची जीवनकथा



दरवर्षी ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. त्यांची कथा सांगण्यापूर्वी मला माझी एक चूक तुमच्यापुढे मांडायची आहे.

काही वर्षांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाच्या आई मला भेटायला आल्या. मुलगा दुसरीत होता. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा शिव्या देतो, मारामारी करतो, तेव्हा आमच्या मुलाला त्याच्यापासून दूर बसवा, अशी त्यांची विनंती होती. मला ती रास्त वाटली. मी बाक बदलले. त्या दुसऱ्या मुलाला शेवटच्या बाकावर एकट्याला बसवले. तीन-चार रविवार तो आला, मग यायचाच बंद झाला. मी चौकशीला गेलो तोवर ते कुटुंब भाड्याची खोली सोडून दुसरीकडे गेले होते.

त्या आईचे काही चुकले नव्हते. आपल्या लेकराला वाईट संगत लागू नये असे कोणत्या आईला वाटत नाही? चुकले माझे. मी अर्धेच काम केले. उरलेले अर्धे काम कोणते होते, ते मला डॉन बॉस्को यांचे चरित्र पुन्हा वाचताना कळले.

विटीदांडू आणि पांढरी भाकर

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंत प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळच्या बेक्की या वाडीवर झाला. घर शेतकऱ्याचे आणि गरिबीचे. जॉन दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा १८१७ साली वडील फ्रान्सिस्को न्यूमोनियाने वारले. घरात म्हातारी आजी, सावत्र भाऊ आंतोनिओ, सख्खा भाऊ जुझेप्पे आणि धाकटा जॉन. आई मार्गेरिता यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण प्रार्थना, प्रभूच्या गोष्टी आणि कष्ट यांचे शिक्षण त्यांनी मुलांना स्वतः दिले.

जॉनच्या लहानपणीच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात. तो गुरे राखायला जाई तेव्हा शेजारच्या वाडीवरचा एक गरीब गुराखी मुलगाही तिथे येई. जॉनकडे पांढऱ्या पावाचा तुकडा असे. त्या मुलाला मात्र मालकाकडून काळा, कडक पाव मिळे. जॉन त्याच्याकडे अदलाबदल मागे. मला काळा पाव आवडतो असे सांगून पांढरा त्याला देऊन टाकी. हे एकदाच नव्हे, पुष्कळ दिवस चालले. जॉनला खरोखर काळा पाव आवडत नव्हता, हे त्या मुलाला मोठेपणी उमगले.

दुसरी गोष्ट खेळाची आहे. आपल्या विटीदांडूसारखा एक खेळ तिकडची मुले खेळत. जॉन वाडीवरच्या दांडगट मुलांबरोबर खेळे आणि कधी विटी लागून रक्ताळलेला चेहरा घेऊन घरी येई. आईने त्याला विचारले, की अशा मुलांबरोबर तू जातोसच कशाला? जॉनचे म्हणणे असे, की मी तिथे असलो की ती मुले जरा नीट वागतात, घाणेरडे बोलत नाहीत. मार्गेरिता यांनी जखम बांधली, काळजी घ्यायला सांगितले आणि त्याला जाऊ दिले.

आईबाबांनो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. या आईने सरसकट बंदी घातली नाही आणि डोळेझाकही केली नाही. आपला मुलगा त्या मुलांमुळे बदलतो आहे, की ती मुले त्याच्यामुळे बदलत आहेत, एवढे त्यांनी पाहिले.

सुमारे नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात पुष्कळ मुले खेळत, भांडत, देवाची निंदा करत होती. जॉन त्यांच्यावर मुठी घेऊन धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि या मुलांना मारून नव्हे तर सौम्यतेने आणि प्रेमाने आपले मित्र करावे लागेल असे शिकवले. मग एका तेजस्वी स्त्रीने त्याचा हात धरला आणि त्याच्या डोळ्यांदेखत रानटी जनावरांची कोकरे झाली. हे स्वप्न ते आयुष्यभर विसरले नाहीत.

मग जॉनने जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून बघून शिकून घेतले. तो दोरीवर चालू लागला, हातचलाखी करू लागला. रविवारी दुपारी घरामागच्या कुरणात मुले आणि मोठी माणसेही जमत. आधी पवित्र माळेची प्रार्थना, सकाळच्या मिस्सातले प्रवचन जॉनच्या तोंडून पुन्हा एकदा, आणि मग खेळ. प्रार्थनेला थांबणार नाही त्याला खेळ बघायला मिळत नसे.

किएरीची शाळा आणि आनंदमंडळ

जॉनला धर्मगुरू व्हायचे होते. आंतोनिओला ही पुस्तके पसंत नव्हती. घरातील भांडण वाढू नये म्हणून आईने १८२८ च्या थंडीत जॉनला मोल्या कुटुंबाच्या शेतावर गडी म्हणून धाडले. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढे फादर कालोस्सो या वृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले, पण १८३० साली तेही वारले. अखेर १८३१ मध्ये जॉन किएरी या शहरात शाळेत गेला. वर्गातली मुले त्याच्याहून लहान. फी आणि राहण्याचा खर्च भागवण्यासाठी त्याने शिकवण्या घेतल्या, शिंप्याकडे आणि कॉफीच्या दुकानात काम केले.

शहरात नव्याने आलेल्या मुलाभोवती पहिली गर्दी करतात ती बहुधा उनाड मुलेच. कुणी त्याला जुगाराला बोलवी, कुणी शाळा बुडवून हिंडायला. तेव्हा जॉनने सोबत्यांचे मनाशी तीन गट केले: चांगले, वाईट आणि मधले. वाईट वळणाची मुले ओळखू आली की त्यांच्यापासून दूर राहायचे, मधल्यांशी कामापुरते आणि सभ्यपणे वागायचे, आणि मैत्री चांगल्यांशी करायची.

अभ्यासात तो हुशार होता. आळशी मुले त्याच्याकडून गृहपाठ उतरवून घेऊ लागली. शिक्षकांनी ते थांबवले, कारण त्यामुळे मुलांचा आळसच वाढत होता. मग जॉनने आयता गृहपाठ देण्याऐवजी न समजलेले समजावून द्यायला सुरुवात केली. मुले तरीही येत राहिली, आणि आता त्यांच्या मनात त्याच्याविषयी आदरही होता. बालमित्रांनो, वही उतरवायला देणे आणि गणित समजावून देणे यात फरक आहे. पहिल्याने मित्राचे एक दिवसाचे काम निभावते, दुसऱ्याने मित्र शिकतो.

या मुलांचे १८३२ साली एक मंडळ झाले. त्याचे नाव आनंदमंडळ. नियम फार थोडे: ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलायचे नाही, वागायचे नाही, आणि शाळेची व धर्माची कर्तव्ये चोख पार पाडायची. शिवाय मंडळाच्या नावाप्रमाणे आनंदी राहायचे. सुट्टीत खेळ, फिरणे, गाणी, आणि सणाच्या दिवशी एकत्र चर्चला जाणे असा त्यांचा क्रम होता.

ज्याच्याकडून शिकले तो मित्र

जॉन सुमारे एकोणीस वर्षांचा असताना शाळेत लुइजी कोमोल्लो नावाचा मुलगा आला. जॉनपेक्षा दीड-दोन वर्षांनी लहान, अंगाने किरकोळ, स्वभावाने शांत. शिक्षक यायच्या आधी वर्गात एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारण्याचा दंगा चाले. लुइजीने त्यात यावे म्हणून एका दांडगटाने हट्ट धरला. लुइजी नको म्हणाला, तेव्हा त्याने लुइजीच्या दोन थोबाडीत मारल्या. लुइजीचा चेहरा लाल झाला. पण हात न उचलता त्याने त्या मुलाला क्षमा केली आणि शांतपणे पुस्तकात डोके घातले. जॉन हे पाहून थक्क झाला. त्याची आणि लुइजीची मैत्री इथून सुरू झाली.

पुढे एकदा काही मुले लुइजीला आणि आणखी एका गरीब स्वभावाच्या मुलाला मारायला उठली. जॉनचा तोल सुटला. हाताशी काठी नव्हती, म्हणून त्याने एका मुलालाच खांद्यांना धरून उचलले आणि त्याचाच सोट्यासारखा वापर करून बाकीच्यांना झोडपले. चार जण आडवे झाले, उरलेले पळाले.

आपण असतो तर मित्राचे आभार मानले असते. लुइजीने तसे केले नाही. तुझी ताकद बघून मला भीती वाटते, आणि देवाने ही शक्ती तुला सोबत्यांना बडवायला दिलेली नाही, अशा अर्थाचे त्याने जॉनला सुनावले. जॉनने राग धरला नाही. नऊ वर्षांच्या वयात स्वप्नात मिळालेला धडा त्याला या कृश मित्राने पुन्हा शिकवला. आपल्यासाठी लढणाऱ्यालाही चुकले तिथे चुकले म्हणून सांगणे सोपे नसते, आणि ते ऐकून घेणेही सोपे नसते. पुढे सेमिनरीतही दोघे एकत्र होते. २ एप्रिल १८३९ रोजी लुइजी वारला. जॉन बॉस्को यांनी छापलेले पहिले पुस्तक म्हणजे या मित्राचे चरित्र. ते १८४४ साली प्रसिद्ध झाले.

साक्रिस्तीतला मार

५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात जॉन बॉस्को यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हापासून लोक त्यांना डॉन बॉस्को म्हणू लागले. इटलीत धर्मगुरूंना डॉन म्हणतात. तुरिनमध्ये कारखाने आणि बांधकामे वाढत होती. खेड्यांतून आलेली पोरे गवंड्यांच्या हाताखाली राबत, रस्त्यावर झोपत आणि त्यांतली काही तुरुंगात पोहोचत. फादर काफास्सो यांच्याबरोबर तुरुंगांत जाऊन डॉन बॉस्को यांनी ही पोरे पाहिली होती. सुटून बाहेर आलेले मूल पुन्हा आत येते, कारण बाहेर त्याला विचारणारे कुणी नसते, हे त्यांच्या लक्षात आले.

८ डिसेंबर १८४१, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये डॉन बॉस्को मिस्साची तयारी करत होते. साक्रिस्तीच्या कोपऱ्यात एक सोळा वर्षांचा मुलगा उभा होता. साक्रिस्तानाने त्याला वेदीसेवेला बोलावले, आणि त्याला ती येत नाही म्हणताच झाडूच्या दांड्याने बडवून बाहेर हाकलले. डॉन बॉस्को यांनी मोठ्याने हरकत घेतली. तो माझा मित्र आहे, त्याला ताबडतोब परत बोलवा, असे त्यांनी साक्रिस्तानाला सांगितले. त्या मुलाला त्यांनी त्याआधी कधी पाहिलेलेही नव्हते.

मुलाचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. आईबाप वारलेले, बांधकामावर मजुरी, लिहिणे-वाचणे नाही, प्रार्थना विसरलेली. मिस्सानंतर डॉन बॉस्को यांनी त्याला एकेक विचारत गेले, तर सगळ्याला उत्तर नाही हेच. मग त्यांनी विचारले, की शीळ तरी घालता येते का? मुलगा हसला. डॉन बॉस्को यांनी त्याच्याबरोबर नमो मरियाची प्रार्थना केली आणि क्रूसाची खूण करायला शिकवले. पुढच्या वेळी तो आणखी सोबती घेऊन आला. डॉन बॉस्को यांच्या मुलांच्या कार्याचा आरंभ या दिवसापासून धरला जातो.

मुले वाढत गेली, शेकड्यांनी येऊ लागली. एवढ्या दंग्याला जागा कोण देणार? ठिकठिकाणाहून त्यांना उठवण्यात आले. शेवटी १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, वाल्दोक्को भागातील पिनार्दी यांच्या आवारात एक बुटकी शेड भाड्याने मिळाली. त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी पोहोचले. तेव्हा गवंडीकाम करणारी पोरे कामावरून सुटून चर्चमध्ये येत, उपास करत, त्यांच्यासाठी प्रार्थना करत. ते बरे झाले आणि आपले उरलेले आयुष्य या मुलांचेच आहे असे त्यांनी जाहीर केले. नोव्हेंबर १८४६ मध्ये आई मार्गेरिता बेक्कीचे घर सोडून त्यांच्याबरोबर वाल्दोक्कोला राहायला आल्या. मुलांचे कपडे शिवत, जेवण रांधत दहा वर्षे त्यांनी तिथे काढली. २५ नोव्हेंबर १८५६ रोजी त्यांचे निधन झाले.

डॉमनिक आणि मिकेले

डॉन बॉस्को यांच्या मुलांत सर्वांना ठाऊक असलेला म्हणजे संत डॉमनिक सॅव्हिओ. जन्म २ एप्रिल १८४२. सात वर्षांचा असताना पहिल्या कम्युनियनच्या दिवशी त्याने जे निश्चय लिहून काढले, त्यांतला एक असा होता, की येशू आणि मरिया हे आपले मित्र असतील. त्याच्या आधीच्या शाळेत दोन मुलांनी शेगडीत बर्फ आणि दगड भरले आणि आळ डॉमनिकवर घातला. शिक्षकांनी त्याला सर्वांसमोर रागे भरले. तो गप्प राहिला. खरे काय ते दुसऱ्या दिवशी उघड झाले, तेव्हा खऱ्या अपराध्यांना शाळेतून काढतील या भीतीने आपण बोललो नाही, असे त्याने सांगितले.

ऑक्टोबर १८५४ मध्ये तो वाल्दोक्कोला आला. एकदा दोन सोबत्यांचे भांडण दगडफेकीच्या लढाईपर्यंत गेले. डॉमनिक त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला, हातातला लहान क्रूस दाखवला आणि पहिला दगड आपल्यावर मारायला सांगितले. दोघांचे हात खाली आले. १८५६ साली त्याने सोबत्यांबरोबर निष्कलंक मातेचे एक मंडळ काढले. नव्याने आलेल्या आणि त्रास देणाऱ्या मुलांना हे सभासद वाटून घेत. ज्याच्या वाट्याला जो येईल, त्याच्याशी त्याने खेळायचे, बोलायचे, त्याला एकटे पडू द्यायचे नाही. डॉमनिक ९ मार्च १८५७ रोजी, पंधरावे वर्ष पुरे होण्याआधीच वारला. १९५४ साली पोप पायस बारावे यांनी त्याला संत घोषित केले.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कार्मान्योला स्टेशनवर गाडीची वाट बघताना डॉन बॉस्को यांना धुक्यातून पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. ते पुढे गेले तशी पोरे पळाली. एक मात्र कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तो टोळीचा म्होरक्या, बारा वर्षांचा मिकेले मागोने. बाप वारलेला, आई दुसऱ्यांकडे राबणारी. गाडी यायला काही मिनिटेच होती. तेवढ्यात डॉन बॉस्को यांनी त्याची विचारपूस केली, आणि थोड्याच दिवसांत मिकेले वाल्दोक्कोला आला.

आता माझ्यासारखी चूक डॉन बॉस्को यांनी केली असती, तर या वांड मुलाला त्यांनी वेगळा बसवला असता. त्यांनी उलट केले. एका समंजस मुलाला त्याचा सोबती नेमले. सोबत्याने त्याचा खेळ बंद केला नाही. तोंडून वाईट शब्द गेला की हळूच सांगायचे, एवढेच त्याचे काम. काही आठवड्यांनी मिकेले उदास दिसू लागला. याच सोबत्याने त्याला बोलते केले आणि प्रायश्चित्त संस्काराकडे वळवले. त्यानंतर मिकेलेचा आनंद परत आला. तो २१ जानेवारी १८५९ रोजी, तेरा वर्षांचा असताना, शांतपणे देवाघरी गेला. डॉन बॉस्को यांनी डॉमनिकप्रमाणे त्याचेही चरित्र लिहिले.

त्याच १८५९ च्या १८ डिसेंबरला डॉन बॉस्को यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांसह सालेशियन संघाची स्थापना केली. १८७२ साली संत मारिया माझ्झारेल्लो यांच्यासह मुलींसाठी धर्मभगिनींचा संघ सुरू झाला. ३१ जानेवारी १८८८ रोजी पहाटे, बहात्तराव्या वर्षी, डॉन बॉस्को प्रभूकडे गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांना संतपद मिळाले. सालेशियन फादर १९०६ साली भारतात तंजावरला आले. माटुंग्याचे डॉन बॉस्को तर आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे.

घरी काय शिकवावे?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अॅरिस्टॉटलचा मैत्रीवरचा विचार वाचला. काही मैत्री उपयोगासाठी असते, काही मौजेसाठी, आणि काही मित्राच्या भल्यासाठी. तिसरी खरी, आणि ती विरळा. कोवळ्या वयातली मैत्री बहुधा मौजेची, असे तो म्हणतो. डॉन बॉस्को यांनी मौजेला कमी लेखले नाही. ते तिथूनच सुरुवात करत. आधी खेळ, मग ओळख, मग विश्वास, आणि त्या वाटेने मुलांना मित्राचे भले चिंतायला शिकवत. म्हणून लहान मुलांना मैत्रीचे प्रवचन देऊ नका. त्यांना प्रश्न विचारा. आज तू कुणाला खेळायला घेतलेस? कोण एकटे बसले होते? तुझ्या मित्राने तुला काही चुकीचे करायला सांगितले का? तुझ्यामुळे आज कुणी रडले का? मुलांना याची उत्तरे देता येतात. रोज असे विचारले तर चांगला मित्र कोण, हे ती आपोआप ओळखू लागतात.

वाईट संगतीपासून मुलाला जपावे लागते, हे खरेच. स्वतः जॉनही किएरीत काही मुलांपासून दूर राहिला. चार वांड मुलांत एकटे कोवळे मूल सोडले तर ते त्यांच्यासारखे होईल. पण एका वांड मुलाभोवती दोन-तीन चांगली मुले आणि एक जाणते माणूस असेल, तर बहुधा उलट घडते. ही जबाबदारी सात वर्षांच्या मुलाची नाही, आपली आहे. आपल्या मुलाला दूर करताना दुसऱ्याच्या मुलाजवळ कोण बसणार, हेही आपणच बघायला हवे. मी बघितले नाही. तो मुलगा आता कुठे आहे, मला माहीत नाही. मिस्सामध्ये मी त्याचे नाव प्रभूपुढे ठेवतो.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सेवक न मानता मित्र मानले, आणि ते मित्र काही निवडून पारखून घेतलेले सज्जन नव्हते. म्हणून या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण एक लहान गोष्ट सुरू करत आहोत. नव्याने आलेल्या किंवा एकट्या पडलेल्या प्रत्येक मुलाला वर्गातील एक सोबती मिळेल. शिक्षिकांशी बोलणे झाले आहे. आपल्या मुलाला असा सोबती व्हायला सांगितले, तर आईबाबांनी आनंदाने होकार द्यावा आणि काही काळजी वाटली तर सरळ माझ्याकडे यावे. या वेळी आपण दोन्ही मुलांचा विचार करू.

संत डॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती कर.

आपला,
धर्मगुरू